दहापर्यंत मोजा

भामरे नानांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते स्वतःच्याच प्रश्नाला उत्तर देत होते. समोर चाळीसएक शिक्षक बसले होते. फळ्यावर ‘मुलांना विचार करायला वेळ द्या’ असं वळणदार अक्षरात लिहिलं होतं, आणि नाना विचारत होते, “आता मला सांगा, प्रश्न विचारल्यावर मूल लगेच उत्तर का देत नाही?” मी नवीन होते, उत्साही होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात तेच म्हणाले, “कारण ते विचार करत असतं! म्हणून प्रश्न विचारला की मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. काय करायचं?” आणि पुन्हा कोणी काही बोलायच्या आत, “दहापर्यंत मोजायचं!”

मी उघडलेलं तोंड मिटलं आणि पेनाचं टोपण लावलं.

नाना आमचे केंद्रप्रमुख. जिल्हा परिषदेच्या शाळांशी ज्यांचा कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते. दहा-पंधरा गावांच्या शाळांवर मिळून एक केंद्रप्रमुख असतो. शाळांना भेटी द्यायच्या, शिक्षकांचे तास बघायचे आणि महिन्यातून एकदा सगळ्यांना एका शाळेत जमवून शिक्षण परिषद घ्यायची, हे त्याचं काम. थोडक्यात, शिकवणाऱ्यांना शिकवायचं. मी जळगावची, पण नोकरी लागली धुळे जिल्ह्यात, साक्रीच्या रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गावात. केंद्राची शाळा तीच असल्यामुळे परिषद आमच्याच शाळेत भरायची. परिषद म्हणजे सही, पोहे, भाषण, फोटो, तो फोटो ग्रुपवर, आणि घरी. शिकायला कोणी येत नसे. बारा-पंधरा वर्षं शिकवलेल्या माणसाला आता कोणी काय शिकवणार, असा भाव बहुतेकांच्या चेहऱ्यावर असायचा. माझ्याही असायचा, आणि मला तर नोकरीत दोनच वर्षं झाली होती.

नाना उंच, खांद्यात जरा वाकलेले. पांढरा हाफ शर्ट, वरच्या खिशात कागदात गुंडाळलेले दोन खडू. दुचाकीच्या डिकीत स्वतःचं डस्टर. दुचाकीचा हॉर्न मी असेपर्यंत कधी वाजला नाही. वळणावर ते तोंडानेच “ए भो, सरक” असं ओरडायचे, आणि ते हॉर्नपेक्षा लांब ऐकू जायचं. शाळेत आले की ऑफिसात खुर्चीवर बसायचे नाहीत, थेट पहिलीच्या वर्गात मांडी घालायचे. आमचं पाठाचं टाचण त्यांनी कधी मागितलं नाही. “ते तुम्ही माझ्यासाठी लिहिता. मला काय करायचंय?” म्हणायचे. ते मुलांच्या वह्या बघायचे. आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, जे ऐकून नवे शिक्षक हसायचे आणि जुने खिडकीबाहेर बघायचे: “गप्प बसायला शिका, पगार त्याचाही मिळतो.”

तास बघून झाला की बोलायचे नाहीत, एक चिठ्ठी द्यायचे. माझ्या पहिल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘प्रश्न एकतीस. मुलांची उत्तरं चार. तुमची सत्तावीस. फळ्यावरचं अक्षर छान.’ मी ती तिथेच फाडली. मला इतका राग आला होता की दोन दिवस मी वर्गात प्रश्नच विचारला नाही. तिसऱ्या दिवशी विचारला आणि नकळत मोजायला लागले. सात म्हणताना मागच्या रांगेतली एक मुलगी बोलली. ती जूनपासून वर्गात एक शब्द बोललेली नव्हती. ही गोष्ट मी नानांना सांगितली नाही, एवढा राग बाकी होता.

आमच्या वतीने सूड सोनवणे सरांनी घेतला. हे शेजारच्या गावचे, जिभेला धार असलेले. एका परिषदेत त्यांनी मोबाइलवर घड्याळ लावून नानांना मोजलं. नाना प्रश्न विचारत आणि स्वतःच उत्तर देत. मधलं अंतर कधी दोन सेकंद, कधी अडीच. सबंध दुपारभर तीनच्या पुढे नाना एकदाही गेले नाहीत. त्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं ‘तीन सर’. “आज तीन सर येणार आहेत” असा निरोप चौदा शाळांत फिरायचा. नानांच्या कानावर हे गेलंच. पुढच्या परिषदेत त्यांनी सोनवणे सरांना उभं केलं आणि विचारलं, “तुम्ही मोजलंत म्हणे. किती निघालं?” आणि सोनवणे सर घसा खाकरेपर्यंत नानांनीच सांगून टाकलं, “तीन! बरोबर आहे. वाईट खोड आहे.” लोक छप्पर उडेल इतके हसले.

ही खोड कुठून लागली ते त्यांनी एकदा चहा पिताना सांगितलं. पहिली नेमणूक सातपुड्याच्या पायथ्याला, एकशिक्षकी शाळा, एका पडवीत चार वर्ग. मुलं घरी पावरी बोलणारी, हे बोलणार मराठी. तपासणीला साहेब आले. नानांनी प्रश्न विचारला. मुलं गप्प. नानाही गप्प, कारण मुलं विचार करताहेत हे त्यांना दिसत होतं. साहेब म्हणाले, “मास्तर, वर्ग मेला का?”

“तेव्हापासून,” नाना म्हणाले, “वर्गात शांतता झाली की माझ्या छातीत धडधडतं. मला कळतं काय करायला पाहिजे. तुम्हाला सांगतो तेच. पण होत नाही.” आणि कप खाली ठेवून पुढच्या शाळेला गेले.

आमच्या शाळेत खिचडी शिजवायला गिरजाक्का होत्या. पंचावन्नच्या आसपास वय, कामाला वाघ, बोलायला कमी. पण पंचक्रोशीत त्यांची ओळख वेगळी होती. लग्नात, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला खापरावरचे मांडे करावेत ते अक्कांनीच. पुरणाचा गोळा कणकेत भरून तो दोन्ही हातांवर झुलवत, कोपरापर्यंत पसरवत नेऊन उपड्या खापरावर टाकायचा. रुमालापेक्षा मोठा आणि पलीकडचा हात दिसेल एवढा पातळ. जळगावला घरी आमची आई विकतचे आणायची, त्यामुळे त्यातली मेहनत मला ठाऊक नव्हती.

एका परिषदेला वरून विषय आला, ‘प्रौढ कसे शिकतात’. सोबत बासष्ट पानांचा पडद्यावर दाखवायचा मजकूर. तिसऱ्या पानाला लाइट गेली. नानांनी पाच मिनिटं वाट पाहिली, मग बाहेर जाऊन अक्कांशी काहीतरी बोलले आणि आत येऊन म्हणाले, “उठा. हात धुवा.”

शाळेच्या मागे चुलीवर खापर चढलं. पुरण नव्हतं, नुसती सैल कणीक होती. चाळीस शिक्षक ओळीने उभे, बाह्या वर केलेल्या. अक्कांनी एक मांडा करून दाखवला, एक शब्द न बोलता. मग एकेकाच्या हातात गोळा दिला. कोणाचा कोपरावरून घसरला, कोणाचा मनगटाला गुंडाळला गेला, सोनवणे सरांचा बुटावर पडला. आम्ही बायका आधी हसलो, मग आमची पाळी आली. सगळ्यांत वाईट नाना. त्यांचा गोळा पसरायच्या आधीच फाटायचा, कारण ते खाली बघायच्याऐवजी आम्हाला समजावत होते की मनगट कसं फिरवायचं असतं.

अक्का कोणालाच चुकलं म्हणत नव्हत्या. फाटलेली कणीक घ्यायच्या, घडी घालून पुन्हा गोळा करायच्या आणि पुन्हा हातात द्यायच्या. नाना चौथ्यांदा “अरेरे” म्हणाले तेव्हा त्या एवढंच बोलल्या, “फाटना तं फाटू द्या. पीठ काय पळी जास का?”

लाइट आली तरी आत कोणी गेलं नाही. मी नोकरीत जितकी प्रशिक्षणं केली त्यातलं हे एकच मला सबंध आठवतं.

त्या दिवशी भांडी घासताना अक्का नानांना म्हणाल्या, “मी तुम्हले शिकाडं. आते तुम्ही माले शिकाडा.” वाचायला. गावातल्या निरक्षरांच्या यादीत त्यांचं नाव आम्हीच दर वर्षी लिहीत होतो, पण शिकायचंय का असं कोणी विचारलं नव्हतं. त्यांना पेपर वाचायचा नव्हता, सही करायची नव्हती. लग्नपत्रिका वाचायची होती. मांड्यांचं आमंत्रण म्हणून लोक पत्रिका आणून देत. अशाच एका पत्रिकेवर हळदीची, लग्नाची आणि स्वागत समारंभाची अशा तीन तारखा होत्या. शेजारच्या माणसाने घाईत शेवटची वाचून दाखवली. अक्का खापर डोक्यावर घेऊन पोचल्या तेव्हा मांडव सोडत होते. त्या घरची पंगत मांड्यांशिवाय उठली होती. “माले मनी पत्रिका मीच वाचनी शे,” अक्का म्हणाल्या. “दुसरं काहीच नको.”

नाना खुलले. वीस वर्षं ते शिक्षकांना शिकवत होते, आणि आता एक खरी विद्यार्थिनी मिळाली होती. आठवड्यातून तीनदा, खिचडीची भांडी धुऊन झाली की व्हरांड्यात दोघं बसायचे. लाल पत्रिका, सोनेरी गणपती. अक्कांचं बोट ओळीवर, आणि त्याच्या पुढे दोन बोटं अंतरावर नानांचं बोट. अक्का “चि...” म्हणायच्या, नाना “चिरंजीव!” अक्का ओठ हलवायच्या, नाना “योगेश! वा!” मी वर्गातून बघत होते. मला कळत होतं काय होतंय. मी बोलले नाही, कारण केंद्रप्रमुखांना कोण सांगणार.

दोन महिन्यांनी अक्का पत्रिका घडाघडा वाचायला लागल्या. नानांनी परिषदेत जाहीर केलं, अक्कांना पुढे बोलावलं आणि पिशवीतून पत्रिका काढून हातात दिली. अक्कांनी पदर सारखा केला आणि वाचलं. श्री गणेशापासून ‘आपले विनीत’पर्यंत, कुठे अडखळणं नाही. टाळ्या पडल्या. सोनवणे सर मोबाइलवर चित्रण करत होते.

मी पहिल्या रांगेत होते. अक्का “चि. सौ. कां. कविता” म्हणाल्या तेव्हा माझी नजर पत्रिकेवर गेली. तिथे ‘अश्विनी’ छापलं होतं. नानांच्या पिशवीत दोन पत्रिका होत्या. दुसरी त्यांच्या भाचीच्या लग्नाची, तशीच लाल, तसाच गणपती. त्यांनी चुकून ती दिली होती, आणि अक्का पहिलीच म्हणत होत्या, शब्दन्‌शब्द पाठ.

मी नानांकडे पाहिलं. त्यांनाही दिसलं होतं. टाळ्या थांबल्यावर सगळे ते काहीतरी बोलतील म्हणून थांबले. नाना उभेच राहिले. मी सवयीने मोजत होते. तेरापर्यंत गेले, मग ते “चहा घेऊ” म्हणाले.

चहा संपायच्या आत चित्रफीत ग्रुपवर गेली आणि तालुक्याच्या साहेबांच्या कौतुकासह परत आली. ‘उत्तम यशोगाथा. जिल्ह्याला पाठवतो.’ नाना त्या वेळी मागे चुलीपाशी होते. पत्रिका बदलली होती हे त्यांनी आधी अक्कांना सांगितलं. मी पाणी घ्यायला गेले होते म्हणून ऐकलं. अक्का बराच वेळ पातेलं घासत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही थांबतसच कोठे, नाना? मी तोंड उघाडापहिले तुम्ही बोली टाकतस. मंग पाठ नही व्हनार तं काय व्हनार?”

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर नानांचा मजकूर आला. तो मी अजून ठेवला आहे. ‘कालच्या चित्रफितीतील ताईंना वाचता येत नाही. त्यांनी मजकूर पाठ केला होता, व तो माझ्यामुळे पाठ झाला. शिकणाऱ्याची यात काही चूक नाही. चित्रफीत पुढे पाठवू नये.’ आधी अंगठे आणि फुलं टाकणाऱ्या चाळीस जणांपैकी एकानेही काही लिहिलं नाही. मला नाना त्या सकाळी फार आवडले, आणि मीही काही लिहिलं नाही. याची लाज आजही वाटते.

साहेबांचा फोन आला तो किस्सा नानांनीच आम्हाला सांगितला. साहेब म्हणाले होते, “निवृत्तीला सहा महिने राहिलेत, नाना. गप्प बसायला शिका. पगार त्याचाही मिळतो.” नाना हे सांगताना हसले, पण नेहमीसारखे नाही.

खरी शिक्षा साहेबांची नव्हती. अक्कांनी व्हरांड्यात बसणं बंद केलं. त्या खिचडी शिजवत, भांडी धूत, पदर खोचून घरी जात. गावात दोघं-तिघं त्यांना “अक्का, पत्रिका म्हणून दाखवा ना” असं चिडवायचे. नाना भेटीच्या दिवशी येऊन व्हरांड्यात एकटेच बसायचे. मला ते बघवत नसे. वीस वर्षं हा माणूस आम्हाला शिकवत होता, आणि त्याला एका माणसाला चार ओळी वाचायला शिकवता आल्या नव्हत्या. हे त्याला कळलं होतं, आणि सगळ्या केंद्रालाही. तरी ते येतच राहिले.

शेवटी एक दिवस ते चुलीपाशी गेले आणि म्हणाले, “अक्का, मी काय करू ते सांगा.”

अक्कांनी त्यांना आपादमस्तक पाहिलं. “मांडा शिका,” त्या म्हणाल्या.

नाना हसले. अक्का हसत नव्हत्या. “तुम्ही मांडा करा, मी वाचस. तुम्हना हात पीठमा, तोंड बंद.”

पीठ लागलेल्या हातांना पत्रिकेवर बोट ठेवता येत नाही, हे अक्कांनी विचार करून ठरवलं होतं की सहज, मला माहीत नाही. पण त्या आठवड्यापासून दुपारी शाळेमागे खापर चढू लागलं. एकीकडे नाना कणीक झुलवत, फाडत, पुन्हा गोळा करत. दुसरीकडे पाटावर अक्का, समोर पत्रिका, दर वेळी वेगळी. गावभर पत्रिका मागून आणायचं काम नाना करायचे. नानांचा एक शब्द ऐकू आला की अक्का पत्रिका घडी करून कमरेला खोचायच्या, आणि त्या दिवशीचं शिकणं तिथेच संपायचं. पहिला महिना रोज लवकर संपायचं.

पुढे माझी बदली झाली. मी जळगाव जिल्ह्यात आले. नाना निवृत्त झाले, निरोप समारंभाला मला रजा मिळाली नाही. त्यांचं पुढे काय झालं हे मी कोणाला विचारलं नाही. बदली झाली की मागची शाळा मागेच पडते.

मागच्या उन्हाळ्यात सावद्याला एका सहकारी बाईंच्या मुलाचं लग्न होतं. केळीच्या बागेला लागून मोठा मांडव. मुलीकडचे धुळ्याचे, त्यामुळे जेवणात आमरस आणि मांडे. मला पंगतीत बसायची घाई नव्हती म्हणून मी मांडवाच्या मागे सावली शोधत गेले. तिथे तीन चुली, तीन खापरं. दोन चुलींवर बायका होत्या. तिसरीवर कोपरापर्यंत पीठ माखलेले, डोक्याला रुमाल बांधलेले भामरे नाना.

मी हाक मारणार होते. पण त्याच वेळी एक गृहस्थ अक्कांपाशी आले. अक्का बाजूला पाटावर दम खात बसल्या होत्या. “अक्का, आमच्याकडेही या. मुलीचं लग्न आहे,” असं म्हणून त्यांनी पत्रिका पुढे केली. अक्कांनी ती हातात घेतली आणि जरा लांब धरली. नानांनी नुकताच एक मांडा खापरावर टाकला होता. गोल नव्हता, एका बाजूने फाटला होता, पण मांडा होता.

अक्कांचं बोट ओळींवरून खाली सरकत गेलं. मधे ‘हळद’ म्हणाल्या आणि बोट पुढे नेलं. खालच्या ओळीवर बोट थांबलं. ओठ हलले, थांबले. ते गृहस्थ म्हणाले, “अहो अक्का, तारीख...” आणि नानांनी पिठाचा हात वर केला. त्यांच्याकडे न बघता.

मी मोजायला लागले. पाच. आठ. नानांनी खालचा ओठ दातांखाली धरला होता. तेरा. त्यांच्या मानेवरची शीर दिसत होती. खापरावरून धूर निघायला लागला होता, आणि शेजारच्या बाईने मांडा काढायला हात पुढे केला तर नानांनी तिलाही हातानेच थांबवलं. वीसच्या पुढे कधीतरी मी मोजायचं सोडून दिलं. माझ्याच छातीत धडधडत होतं.

“लग्न,” अक्का म्हणाल्या. मग बोट बाजूला नेलं. “बावीस. खालनी तारीख समारंभनी शे. मी बावीसले येसू.” त्यांनी पत्रिका घडी करून कमरेला खोचली आणि मान वळवली.

“नाना, मांडा करपना.”

नाना अजून त्यांच्याकडेच बघत होते.